मधु घाड्याचं गाऱ्हाणं

मधु घाडी याच्या तोंडात तीळ भिजत नाही, ही गोष्ट मस्कतजवळच्या रुसैलच्या त्या कामगार कॅम्पात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितली जायची. जेवण कुठं मिळतं, पाणी किती वाजता जातं आणि मधुला काय सांगू नये, एवढं कळलं की माणूस कॅम्पात राहायला लायक झाला. मधुलाही हे ठाऊक होतं आणि त्याचं त्याला काही वाटत नसे. देवानं तोंड दिलंय ते काय फक्त जेवायला, असं त्याचं म्हणणं.

कामही असं मिळालं होतं की विचारू नका. एसी मेकॅनिक. सतरा वर्षं तो मस्कतभर लोकांच्या घरांत शिडीवर चढलेला, हात वर मशीनमध्ये आणि तोंड खालच्या माणसाकडे. बौशरच्या एका फ्लॅटमध्ये गॅस भरायला गेला, तर येताना त्या घरच्या मुलीचं जमलेलं लग्न, मोडलेलं लग्न आणि परत जमलेलं लग्न असं सगळं ऐकून आला. एकदा कंपनीनं दोन दिवस सूरला पाठवलं. तिथं होड्या बांधणाऱ्या एका म्हाताऱ्या ओमानी सुताराशी तो दोन तास बोलत बसला. याला अरबी येत नाही, त्याला हिंदी येत नाही. काय बोललात रे, असं विचारलं तर म्हणे, सगळा बोललो.

बरं, हे तोंड त्याला वारशानं आलेलं. देवगडकडच्या त्यांच्या गावात देवासमोर उभं राहून गाऱ्हाणं घालायचा मान घाड्यांचा. गावावर जी पीडा असेल ती घाड्यानं मोठ्यानं देवाच्या कानावर घालायची आणि प्रत्येक वाक्याला मागून गावानं ‘व्हय महाराजा’ म्हणायचं. बापानं मधुला फार काही शिकवलं नाही, पण एक गोष्ट बजावली होती. "माणसांपासून काय ता लपव. पण गाऱ्हाण्यात कायएक लपवू नको. लपवलंस तर ती पीडा तुझ्या मानेर बसतली."

चौदा नंबरच्या खोलीत त्याच्या शेजारची खाट रमण मेस्त्रीची. रमण कुडाळकडचा, सुतार, दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलणारा. अकरा वर्षं दोघं एका खोलीत. दोन वर्षांपूर्वी करवतीनं रमणचं बोट कापलं, तेव्हा त्यानं घरी कळू दिलं नव्हतं. मधुनं फोनवर रमणच्या बायकोला, वहिनीला, टाक्यांसकट हिशेब दिला. तिकडे वहिनीनं रडून घर डोक्यावर घेतलं आणि रमणच्या म्हाताऱ्या वडिलांनी, आबांनी, दोन दिवस जेवण सोडलं. रमण महिनाभर मधुशी बोलला नाही. मधुला ते कळायलाच पंधरा दिवस लागले, कारण रमण एरवी तरी कुठं बोलत होता!

दोन हजार वीसच्या एप्रिलात कोरोनामुळे मस्कत बंद झालं आणि काम थांबलं. मग मे महिन्यात खालच्या मजल्यावर दोघं आजारी निघाले आणि कॅम्पबॉस रशीदनं वरच्या मजल्यालाही खोल्यांत कोंडलं. जेवणाचे डबे दारात. सकाळी रशीद येणार, कपाळावर ते पिस्तुलासारखं यंत्र धरून ताप बघणार आणि जाणार. खोलीला लागून संडास-बाथरूम होतं, हेच नशीब. खिडकीतून दिसायचं काय, तर कुंपणाची भिंत, पलीकडे रांगेनं उभ्या केलेल्या कामगारांच्या बसेस आणि त्यामागे नावालाही झाड नसलेले डोंगर.

आता चार माणसं एका खोलीत कोंडली की चौघांचे चार रंग दिसायला लागतात. निशांत हा डोंबिवलीचा, स्टोअरकीपर. त्यानं पहिल्याच दिवशी फ्रीजवर टाइमटेबल चिकटवलं. सहा ते सात व्यायाम, आठला सफाई, एक ते चार शांतता. दाराची कडी तो दिवसातून नऊ वेळा पुसायचा. कौशिक चिपळूणचा, वेल्डर, त्यानं झोप धरली. जेवायला उठायचा, जेवण झालं की ‘खलास’ म्हणायचा आणि भिंतीकडे तोंड करून परत आडवा. रमण आपल्या खाटेवर पाय जवळ घेऊन बसायचा आणि बसेसकडे बघत राहायचा. आणि मधु! मधुची पाण्याबाहेरच्या माशासारखी तडफड झाली. निशांत शांतता पाळतोय, कौशिक घोरतोय, रमण तर रमणच. मधुनं फोन धरला. गावातल्या झाडून सगळ्यांना फोन लावून झाले. शेवटी त्याची बायको प्रेमा हिनं सांगून टाकलं, "दिसाचे तीनच फोन करा. माका कामा आसत."

याच सुमारास ऋचा मॅडमचा फॉर्म आला. ऋचा मॅडम म्हणजे बौशरच्या हेडऑफिसातल्या, माणसांचं बघणाऱ्या. पुण्याच्या. बाई मनानं खरंच चांगली, प्रत्येक खोलीत रोज फोन करायची. त्या फॉर्ममध्ये वीस प्रश्न होते आणि त्यावरून तुमचा स्वभाव कोणता, कोंडून राहणं तुम्हाला कितपत झेपेल, ते निघायचं. निशांतनं तो परीक्षेचा पेपर असल्यासारखा भरला. कौशिकचा मधुनं भरला. रमणनं सगळीकडे मधल्या रकान्यात खूण केली. दोन दिवसांनी मॅडमचा आवाज सगळ्यांच्या फोनवर आला. अंतर्मुख लोकांना हा काळ सोपा जातो, त्यांची फार काळजी नको, म्हणाल्या. पण जे सतत माणसांत असतात त्यांच्याकडे लक्ष ठेवा. झालं, अख्खा मजला मधुकडे लक्ष ठेवायला लागला. रमणकडे बघायचं कुणाला सुचलं नाही.

मधुवर उपाय निघाला तो अचानक. संध्याकाळी दहा मिनिटं रशीद सगळी दारं उघडू द्यायचा. आपापल्या उंबऱ्यात उभं राहायचं, वारा घ्यायचा, पाय बाहेर टाकायचा नाही. पहिल्याच संध्याकाळी समोर बारा दारांत माणसं उभी बघून मधुच्या अंगात घाडी संचारला. त्यानं हात जोडले आणि बापाच्या सुरात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा येशीच्या म्हाराजा! ह्या परमुलखात ही तुझी लेकरा कोंडान ऱ्हवली आसत. तेंका सांभाळ, महाराजा."

कोकणातल्या दोन खोल्यांतून आपसूक ‘व्हय महाराजा’ आलं. चार दिवसांत सगळा मजला म्हणायला लागला. समोरच्या खोलीतला हसन बांगलादेशचा, रंगारी. त्याला शब्द कळत नसे, पण हाळी त्याचीच सगळ्यात मोठी. रोज मधु एकेकाचं नाव घेऊन त्याचं दुखणं देवाला सांगायचा आणि आपलंही नाव यावं म्हणून लोक दुपारीच बंद दाराआडून ओरडून आपली दुःखं कळवून ठेवायचे. रशीद जिन्याच्या तोंडाशी उभा राहून मान हलवायचा. मधु त्या दहा मिनिटांवर दिवस काढायला लागला.

आणि मग रमणच्या आबांचं कळलं. चौऱ्याऐंशी वर्षांचे आबा पडले, अंथरुणाला खिळले आणि दिवसभर एकच विचारत, रमण खंय आसा. तीन वर्षं रमण घरी गेला नव्हता. भारतात न्यायला खास विमानं सुटत होती, पण त्यात नाव लागणं म्हणजे मोठी गोष्ट. ऋचा मॅडमनं खटपट केली. शुक्रवारच्या मुंबईच्या विमानात रमणचं नाव लागलं. त्या दिवशी रमण हसला. चार शर्टांची बॅग त्यानं भरली, रिकामी केली, परत भरली आणि खाटेखाली सरकवली.

मंगळवारी दुपारी शांततेच्या वेळात मधु पाणी प्यायला उठला. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि रमण खाटेवर जाकीट घालून बसलेला. मधुनं त्याच्या कपाळाला हात लावला आणि झटकन काढला.

"रमणा, तुका ताप आसा."

"आसा. कालपासून."

"आणि सकाळी रशीदाक कसो गावलो नाय?"

रमणनं उशीखालची तापाच्या गोळ्यांची, पॅनाडोलची, पाकिटं दाखवली. रशीद यायच्या आधी तासभर दोन गोळ्या.

"मी रशीदाक सांगतंय," मधु म्हणाला आणि दाराकडे वळला. रमणनं त्याचं मनगट धरलं. सुताराचा हात तो, तापातही सुटेना.

"शुक्रवारी इमान आसा. ताप सांगलंय तर नाव कापतले. मगे दुसरा इमान कधी? आबा तवसर थांबाचे नाय." दम घ्यायला तो थांबला. "मागे तू बोललंस, मी गप रवलंय. ह्या खेपेक कोणाकडे तोंड उघडलंस तर तुका माझ्या आबांची आण आसा."

अकरा वर्षांत रमण एका वेळी एवढं बोलला नव्हता. आणि मधुला खरं सांगायचं तर बरं वाटलं. ज्या माणसानं आयुष्यात कुणाला काही सांगितलं नाही, त्यानं मधुला सांगितलं, आणि तेही मधुच्या तोंडाची कीर्ती ठाऊक असून. या खेपेला तरी हे तोंड बंद ठेवायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं. "नाय सांगूचंय," तो म्हणाला.

नाही सांगितलं. मंगळवार गेला, बुधवार गेला. मधु बोलेना. प्रेमाला एकही फोन नाही. संध्याकाळच्या गाऱ्हाण्यात त्यानं मोघम सगळ्यांना सांभाळ म्हटलं आणि आत आला. निशांतला कोण आनंद. "बघ, टाइमटेबलला उगाच नावं ठेवत होतास," तो म्हणाला. ऋचा मॅडमचा फोन आला, तर त्यांनी आधी मधुची चौकशी केली. मधुकर, तुम्ही बरे आहात ना, बोलायला कुणी आहे ना?

"फर्स्ट क्लास आहे मॅडम."

"आणि रमण?"

मधुनं रमणकडे बघितलं. रमण त्याच्याकडेच बघत होता.

"शांत आहे," मधु म्हणाला.

"छान. त्यांचं मला टेन्शनच नाही."

फोन ठेवल्यावर मधु बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडून बराच वेळ उभा राहिला. त्याला खोलीत थांबवेना. खोटं बोललो म्हणून नव्हे. रमणचा श्वास त्याला ऐकू येत होता म्हणून. आयुष्यभर आपल्याच आवाजात राहिलेला हा माणूस, गप्प बसल्यावर त्याला शेजारच्या खाटेवरचं सगळं ऐकू यायला लागलं. खोकला उशीत दाबल्याचा आवाज, गोळ्यांच्या पाकिटाचा आवाज. डब्यातला भात रमण कागदात बांधून टाकत होता, तेही त्यानं पाहिलं.

गुरुवारी सकाळी यंत्रानं रमणला पास केलं. "शाबाश, कल घर," रशीद म्हणाला आणि पुढच्या खोलीकडे गेला. पण दुपारी बाथरूममधून खाटेपर्यंतच्या सहा पावलांत रमण एकदा खाली बसला. ओठ काळपट दिसत होते. मधु त्याच्याजवळ वाकून हळूच म्हणाला, "रमणा, सांगूया रे. पाया पडतंय तुझ्या." रमणला बोलायला श्वास नव्हता. त्यानं एक बोट वर केलं. एक दिवस.

मधु खाटेवर बसून राहिला. सांगावं, तर आबा मुलाची वाट बघत जाणार आणि ते पाप आपल्या माथी. न सांगावं, तर हा विमानात तरी चढेल काय? चढला आणि घरी पोचला, तर त्या म्हाताऱ्याच्या तोंडाशी तोंड नेऊन बसणार. आणि वर शपथ. इकडे आड, तिकडे विहीर. त्यानं पुन्हा पुन्हा विचार केला आणि प्रत्येक वेळी तिथंच आला. मग बापाचं बजावणं आठवलं आणि त्यानं ठरवलं की आज गाऱ्हाणं घालायचंच नाही.

संध्याकाळी दारं उघडली. रमण भिंतीचा आधार घेत उंबऱ्यात आला. न आला असता, तर निशांतनं विचारलं असतं. मधुनं हात जोडले नाहीत. समोरून हसन म्हणाला, "मधुभाई, शुरू करो." बारा दारांतली माणसं बघत होती. कुणाकुणाची नावं आज यायची होती. मधुनं हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, आठ नंबरच्या शरीफाची आये हॉस्पिटलात आसा, तिका बरी कर, महाराजा."

"व्हय महाराजा."

"समोरच्या हसनाक नोकरीची भीती घातली हा, तेची भाकर सांभाळ, महाराजा."

"व्हय महाराजा."

"ह्यो माझो भाव रमण, उद्या इमानात बसतलो. तेका..."

आणि मधु थांबला. सुखरूप पोचव, एवढेच दोन शब्द म्हणायचे होते. ते येईनात. लोकांना वाटलं, रमण चालला म्हणून गहिवरलाय. मधुनं डोळे मिटले.

"महाराजा, ह्या रमणाक चार दिस ताप आसा. तेका श्वास पुरणा नाय. तो गोळये खावन लपयता आणि मी तेका साथ दितंय. आमका माफी कर. तेका जगव, महाराजा."

‘व्हय महाराजा’ आलं नाही. मालवणी न कळणाऱ्यांनी कळणाऱ्यांची तोंडं पाहिली. रशीद जिन्याकडून पुढे आला. "क्या बोला?" निशांत दोन पावलं मागं सरकला, तोंडावर टॉवेल धरला आणि त्यानं हिंदीत सांगितलं. रशीदनं यंत्र काढलं. एकोणचाळीस पॉइंट चार. तो ओरडला नाही. त्यानं एक खुर्ची ओढून आणली, रमणला बसवलं आणि फोन लावला.

रमणनं मधुकडे पाहिलं. शिवी दिली असती तरी चाललं असतं. त्यानं नुसतं पाहिलं आणि मान फिरवली. पाऊण तासानं पांढरे झगे घातलेली माणसं त्याला घेऊन गेली. बॅग खाटेखालीच राहिली.

शुक्रवारी विमान गेलं. मजल्यावर आणखी चौदा दिवसांची बंदी बसली. कौशिकची चाचणी पॉझिटिव्ह आली आणि तो आजारही त्यानं झोपून काढला, पण झोपायच्या आधी मधुला म्हणाला, "एक दिवस कळ काढली असतीस तर काय बिघडलं असतं रे?" निशांत मात्र हळूच म्हणाला की तू केलंस ते बरोबर केलंस. ऋचा मॅडमनं सांगितलं, डॉक्टर म्हणतात अजून एक दिवस गेला असता तर हातात काही राहिलं नसतं. बाई रडत होत्या. "फॉर्ममध्ये त्यांचं सगळं ठीक होतं हो," म्हणाल्या.

नवव्या दिवशी आबा गेले. रमण तेव्हा ऑक्सिजनवर होता. त्याला दोन दिवसांनी सांगितलं.

मधुला कुणाच्या बोलण्यानं बरं वाटलं नाही. एकच प्रश्न त्याला खात होता. जीभ घसरली, की आपण जाणून बोललो? शपथ होती माणसांना न सांगण्याची आणि मी तर देवाला सांगितलं, अशी पळवाट त्यानं काढून पाहिली. पण बारा दारं उघडी आहेत हे त्याला काय ठाऊक नव्हतं? संध्याकाळी हसन हाक मारायचा. मधु दारात जायचा नाही. देवाकडे कुठल्या तोंडानं जाऊ, असं प्रेमाला म्हणाला आणि फोनवर ढसाढसा रडला. त्या दिवशी प्रेमानं फोन ठेवायची घाई केली नाही.

जूनच्या मध्यावर रमण परत आला. गालफडं बसलेली, अंगातला शर्ट लोंबणारा. खाटेवर बसला. खाटेखालची बॅग ओढली आणि चारही शर्ट काढून कपाटात ठेवले. मधुनं त्याला पाणी दिलं, ते घेतलं. जेवण दिलं, ते जेवला. तीन दिवस शब्द नाही.

चौथ्या दिवशी दुपारी निशांत आणि कौशिकला कामावर बोलावलं होतं. खोलीत दोघंच. रमण खिडकीकडे बघत म्हणाला,

"तू बोललंस म्हणान मी आज हय बसलंय."

मधु खाटेवर उठून बसला.

"आणि तू बोललंस म्हणान माका आबांचा तोंड बघूक गावला नाय. ह्या दोनव मी इसराचंय नाय. माका तुझो राग आसा, मधु. तो जायत काय नाय, माका ठावक नाय."

मधुनं मान डोलावली.

रमणचा श्वास अजून भरून यायचा. तो शांत होईपर्यंत रमण थांबला. मग त्याचे डोळे भरले.

"पण हय माका दुसरो कोण आसा? आबांचा मी कोणाकडे बोलू?"

मधु उठला आणि त्याच्या खाटेवर जाऊन बसला. रमण सांगायला लागला. आबा त्याला लहानपणी खांद्यावर घेऊन ओढा कसे ओलांडायचे ते आधी सांगितलं, मग बाकीचं.